आयएसओ सीडीवर ‘कॉपी’ केली की पीसी का उठत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फौंड्री, लॅबमध्ये धातूत काय किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आणि त्याला जोडलेला विंडोज एक्सपीचा जुना पीसी. हार्ड डिस्क खडखडायला लागली आहे, पीसी एखाद्या दिवशी चालू होतो, एखाद्या दिवशी काळ्या स्क्रीनवरच बसून राहतो. यंत्र देणाऱ्यांनी मेलवर लिंक पाठवली, त्यातून दोन गोष्टी उतरल्या: एक आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली प्रत (इमेज), आणि दुसरी बिन फाइल, तीही इमेजच, सोबत तिची माहिती सांगणारी एवढीशी क्यू फाइल. पीसी पेन ड्राइव्हवरून बूट, म्हणजे सुरू, होत नाही, म्हणून सीडीच करावी लागणार. तीन सीडी करून झाल्या, एकीनेही पीसी उठला नाही, आणि तोवर प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या प्रत्येक घाण्याचा) नमुना घेऊन पोरगा बाहेरच्या लॅबला गाडीवर पळतोय. तुम्ही विचारलंय, बर्निंगसाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?

राजारामपुरीत 1999 पासून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि निम्मं गिऱ्हाईक उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचं. त्या अनुभवावरून सांगतो, सॉफ्टवेअर बदललंत तरी चौथी सीडी पहिल्या तिघींसारखीच निघण्याची शक्यता जास्त आहे. अडचण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. फाइल सीडीवर ‘ठेवली’ गेली आहे, सीडीवर ‘लिहिली’ गेलेली नाही.

खात्री करायला दहा सेकंद लागतात. त्या तीनपैकी एक सीडी दुसऱ्या कुठल्याही पीसीत घाला आणि उघडा. आत एकच मोठी फाइल दिसली, नावाच्या शेवटी आयएसओ, तर चूक तिथेच सापडली. आत फोल्डर, छोट्या छोट्या फाइल, एखादी सेटअपची फाइल असं दिसलं, तर चूक दुसरी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

तुम्ही फौंड्रीतले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. आयएसओ म्हणजे पॅटर्न, ज्यावरून साचा काढतात तो नमुना. गिऱ्हाइकाने कास्टिंग मागितलं आणि आपण लाकडी पॅटर्नच खोक्यात भरून पाठवला, तर खोकं पोचेल, वजनही भरेल, पण त्याच्या मशीनवर काही बसणार नाही. बर्निंग सॉफ्टवेअरचं ‘राइट इमेज’ हे बटण म्हणजे त्या पॅटर्नवरून मोल्ड करून ओतकाम करणं. नुसतं ओढून सीडीवर टाकणं म्हणजे खोकं भरणं.

हे असं का, तेही समजून घ्या, कारण एकदा डोक्यात बसलं की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. डेटा सीडीवर माहिती 2048 बाइटच्या सेक्टरांत असते. शून्यापासून मोजलं तर पहिले 16 सेक्टर राखीव. सोळाव्यात सीडीची ओळख असते: तिचं नाव, तिची व्याप्ती, फाइलींची यादी कुठे आहे ते. ही मांडणी आयएसओ 9660 या 1988 च्या मानकाची, फाइलला ‘आयएसओ’ हे नावही तिथूनच चिकटलं. सीडी बूट होणारी असेल तर सतराव्या सेक्टरमध्ये आणखी एक नोंद असते आणि ती सांगते की पीसी सुरू करणारा कोड अमुक ठिकाणी आहे. ही पद्धत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी 1995 मध्ये ठरवली, तिचं नाव एल टोरिटो. तुमच्या त्या जुन्या पीसीचा बायोस, म्हणजे पीसी चालू करताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, फाइली वगैरे काही बघत नाही. सरळ सतराव्या सेक्टरला जातो, तिथे ती नोंद असली तर पुढे, नसली तर ‘ही सीडी बूटची नाही’ म्हणून हार्ड डिस्ककडे वळतो.

आता तुम्ही आयएसओ फाइल ओढून सीडीवर टाकलीत. ती नोंद सीडीवर आहेच, पण त्या मोठ्या फाइलच्या पोटात, कुठल्या तरी हजाराव्या सेक्टरवर. सीडीच्या स्वतःच्या सतराव्या सेक्टरवर काहीतरी भलतंच. बायोस बिचारा ठरलेल्या दारावर थाप मारून परत जातो.

दुसरी चूक याहून फसवी आहे आणि हुशार माणसंच ती करतात. विंडोज 8 पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते आणि आतलं सगळं दिसतं. मग माणूस म्हणतो, अरे सोपं आहे, आतलं सगळं निवडून सीडीवर टाकू. सीडी उघडली की सगळ्या फाइली जागच्या जागी! पण सतराव्या सेक्टरची नोंद ही फाइल नसतेच, त्यामुळे ती निवडीत येत नाही आणि सीडीवरही जात नाही. फाइली असूनही बूट नाही, ते यामुळे. वर ‘दुसरी चूक’ म्हणालो ती हीच.

पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि काही गोष्टी इथे बसून मला दिसणार नाहीत. तुमच्या जुन्या पीसीतला सीडी ड्राइव्ह जिवंत आहे का? सॉफ्टवेअरला डोंगल (पीसीला लावायची परवान्याची किल्ली) किंवा लायसन्सची फाइल लागते का? पाठवलेल्या दोन्ही इमेज बूट होणाऱ्या आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही आत्ताच काढू शकता. माझा होरा असा की दोन्हींपैकी एकच असणार. असल्या यंत्रांबरोबर सहसा एक सीडी पीसी पूर्ववत करणारी असते आणि दुसरी नुसती प्रोग्रॅमची, जी विंडोज चालू झाल्यावर घालायची. दुसरीने पीसी उठण्याची वाट बघत बसलात तर दसरा-दिवाळी होईल. सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि आयएसओ त्यात उघडा. वरच चौकटी कंसात ‘बूट’ लिहिलेला फोल्डर दिसला तर सीडी बूट होणारी. नाही दिसला तर तुमच्या बर्निंगला दोष देऊ नका.

आता फाइलींकडे. माझ्याकडे ‘सीडी चालत नाही’ म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची मूळ फाइलच अर्धवट उतरलेली असते. पाठवणाऱ्याला फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारा तिचा ठसा, मागा, एमडी5 किंवा एसएचए-256, कुठलाही चालेल. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयूटिल या कमांडने तो काढता येतो, लिनक्सवर एसएचए256सम. दोन्हीकडचे आकडे अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. पाठवणाऱ्याने हॅश दिला नाही तर निदान फाइलचा आकार बाइटमध्ये विचारा. प्रॉपर्टीजमध्ये कंसात जो लांबलचक आकडा असतो तो. ‘सहाशे एमबी आहे’ हे उत्तर चालत नाही.

त्या लांबलचक आकड्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मी दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. आयएसओ फाइलमध्ये प्रत्येक सेक्टरचे फक्त 2048 बाइट असतात. बिन फाइलमध्ये बहुतेक वेळा सेक्टर आहे तसा उचललेला असतो, म्हणजे ओळखखुणा आणि चूकदुरुस्तीच्या बाइटांसकट 2352. समजा तुमच्या फाइलचा आकार 61,46,71,680 बाइट आहे. 2352 ने भागा, बरोबर 2,61,340 येतात, बाकी शून्य. 2048 ने भागा, बाकी उरते. म्हणजे फाइलचं नाव काहीही असो, ती कच्च्या सेक्टरांची आहे. तिचं नाव बदलून आयएसओ करणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, आणि त्यातून सीडी निघाली तरी ती वाचली जात नाही. सोळावा सेक्टर जिथे असायला हवा तिथे नसतोच, प्रत्येक सेक्टरमागे 304 बाइट सरकत गेलेले असतात.

याचीच उलट बाजूही सांगून ठेवतो. 80 मिनिटांच्या सीडीत 3,60,000 सेक्टर बसतात. 2048 ने गुणलं तर 73,72,80,000 बाइट, तेच आपले ‘700 एमबी’. पण तेवढ्याच सेक्टरांची बिन फाइल 84,67,20,000 बाइटची होते, विंडोज तिला 807 एमबी दाखवतं. लोक म्हणतात, सातशेत आठशे कसे बसणार, आणि डीव्हीडी आणायला जातात. बसतात. चूकदुरुस्तीचे बाइट सीडीवर नाहीतरी असतातच, त्यांची जागा त्या 700 मध्ये धरलेलीच नाही. तुमच्या पीसीत जुना, नुसती सीडी वाचणारा ड्राइव्ह असेल तर डीव्हीडी त्याला दिसणारच नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. तीन-चार ओळींचा साधा मजकूर असतो: पहिल्या ओळीत अवतरणात बिन फाइलचं नाव, खाली ट्रॅक 01, त्यापुढे मोड1/2352 असं काहीतरी. डाउनलोड करताना बिनच्या नावामागे कंसात 1 लागलं असेल किंवा तुम्ही फाइलला ‘स्पेक्ट्रो नवीन’ असं नाव दिलं असेल, तर क्यूमधलं नाव जुळत नाही आणि सॉफ्टवेअर ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा, नाव क्यूमध्ये आहे तसंच ठेवा, आणि बर्न करताना बिन निवडू नका, क्यू निवडा.

सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण यात फार रमण्यासारखं काही नाही. आयएसओसाठी विंडोज 7 पासून पुढे वेगळं काही लागत नाही: फाइलवर राइट क्लिक, ‘बर्न डिस्क इमेज’. तो पर्याय दिसत नसेल तर विनरार किंवा सेव्हन-झिपने आयएसओ आपल्या नावावर करून घेतलेली असते. ‘ओपन विथ’मध्ये जाऊन ‘विंडोज डिस्क इमेज बर्नर’ निवडा. त्या खिडकीत पडताळणीची चौकट असते, तिच्यावर टिक करा. त्यात वेग निवडता येत नाही आणि बिन-क्यू चालत नाही, म्हणून मी स्वतः इमगबर्न वापरतो. त्याची शेवटची आवृत्ती 2013 ची, पण या कामाला अजून तोड नाही. त्यात पहिल्या पानावर ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’ निवडायचं. शेजारचं ‘राइट फाइल्स/फोल्डर्स टू डिस्क’ निवडलंत की पुन्हा खोकं भरणं सुरू! लिनक्सवाल्यांना केथ्रीबी किंवा ब्रासेरो. कुठलंही फुकट सॉफ्टवेअर टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका, मधेच भलत्या टूलबारला हो म्हणून बसाल.

नीरो कुणाकडे असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. त्यात खऱ्या रायटरच्या यादीत ‘इमेज रेकॉर्डर’ नावाचा एक खोटा रायटरही असतो. तो निवडलेला राहिला तर सगळं बर्न झाल्यासारखं होतं, ‘यशस्वी’ असा निरोपही येतो, आणि ट्रेमधली सीडी कोरीच्या कोरी. हार्ड डिस्कवर मात्र एक एनआरजी फाइल तयार झालेली असते. इंजिनीअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंगला जायचे तेव्हा मागे प्लास्टिकच्या पाकिटात सीडी लावावी लागायची. एका पोराने ती एनआरजी फाइलच सीडीवर ओढून टाकली होती. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री साडेनऊला तो शटर अर्धं ओढलेलं असताना वाकून आत आला, आणि रिपोर्टच्या चारही प्रतींच्या सीडी पुन्हा लिहून त्याला पाठवला तेव्हा समोरची चहाची गाडीही गेली होती.

आता प्रत्यक्ष सीडी. तुमच्यासारख्या जुन्या ड्राइव्हसाठी सीडी-आर घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी लेझरचा उजेड फार कमी परत पाठवते, साधारण 15 ते 25 टक्के. सीडी-आर त्याच्या दुपटीहून जास्त. थकलेल्या लेन्सला आरडब्ल्यू दिसतच नाही. सीडीचे डबे हल्ली शोधावे लागतात. पूर्वी नोएडाच्या मोझर बेअरचा डबा कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळायचा, आता जो मिळेल तो घ्यायचा आणि त्यातली पहिली सीडी पडताळून बघायची. कपाटात दहा वर्षं पडलेला डबा मात्र वापरू नका. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत कोऱ्या सीडीही खराब होतात, वरच्या थराला डाग पडतात.

वेग 16एक्स किंवा 24एक्स ठेवा. 1एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी. 16एक्सला पूर्ण सीडी पाच-साडेपाच मिनिटांत होते. 52एक्सला वाचणारी दोन-तीन मिनिटं जुन्या ड्राइव्हवर महागात पडतात, कारण घाईत पडलेल्या खुणा नव्या ड्राइव्हला वाचता येतात, म्हाताऱ्याला येत नाहीत. उलट काही जण 4एक्सचा हट्ट धरतात. पूर्वी ते खरं होतं, पण हल्लीच्या सीडीचा रंगद्रव्याचा थर जास्त वेगासाठीच केलेला असतो, फार सावकाश लिहूनही त्या बिघडतात. ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ (सगळी सीडी एका दमात लिहिणं) आणि ‘फायनलाइज’ (लिहून झाल्यावर सीडी बंद करणं) हे दोन पर्याय दिसले तर दोन्ही चालू ठेवा. सीडी उघडी ठेवून नंतर आणखी काही टाकू, हा मोह नको.

बर्न होताना पीसी यूपीएसवर असू द्या. माझ्याकडचा पहिला रायटर 4एक्सचा होता, एका सीडीला वीस मिनिटं. तेव्हा डेटा पुरवायला पीसी क्षणभर जरी अडखळला तरी सीडी वाया जायची, म्हणून स्क्रीनसेव्हर बंद, माऊसला हात नाही, दुकानात कुणी मोठ्याने बोलायचंही नाही (त्याचा काही संबंध नव्हता, पण आम्ही पाळायचो). 2000 मध्ये सान्योने बर्न-प्रूफ आणलं, मग डेटा थांबला की लेझरही थांबू लागला आणि तो त्रास संपला. पुढे लोडशेडिंगने दुसरा सुरू केला. अठराव्या मिनिटाला वीज गेली की उरायची ती चकचकीत चकती. तसल्या सीडी मी दोरीत ओवून ठेवायचो. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाले येऊन घेऊन जायचे, उसाच्या ट्रॉलीमागे रात्री चमकायला.

सीडीवर नाव लिहायला बॉलपेन वापरू नका. खालून दिसणारा जाड भाग हा नुसता प्लास्टिकचा असतो, 1.2 मिलिमीटरचा जवळजवळ सगळा. माहितीचा थर वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली लगेच असतो. खालचा ओरखडा बऱ्याचदा चालून जातो. वरचा गेला की थरच गेला. सीडीसाठीचा मार्कर वापरा, कागदी स्टिकर चिकटवू नका. ऑगस्ट 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाचं ऑफिस पाण्यात गेलं, तेव्हा त्यांनी गाळाने भरलेला सीडीचा डबा माझ्याकडे आणला होता. साध्या पाण्याने धुऊन सुती कापडावर सुकवल्यावर बहुतेक वाचल्या. वाचल्या नाहीत त्यांत सगळ्यात जास्त स्टिकर लावलेल्या होत्या. स्टिकर सुटताना वरचा थर घेऊनच निघाला.

सीडी तयार झाली, पडताळणी झाली, तरी काम निम्मंच झालं. तुमच्या लिहिणाऱ्या ड्राइव्हने ‘बरोबर आहे’ म्हटलं एवढंच कळलं. वाचायची आहे त्या जुन्या ड्राइव्हला, आणि फौंड्रीतल्या ड्राइव्हचं मला चांगलं ठाऊक आहे. लॅबला एसी असला तरी दार उघडलं की वाळूची आणि ग्रॅफाइटची बारीक भुकटी आत येतेच, आणि ड्राइव्हच्या लेन्सवर काळसर साय धरते. मागे एका लॅबमध्ये दोघांनी मिळून चार दिवस सीडी बदलून पाहिल्या होत्या. मी ट्रे उघडून टॉर्च मारला तर लेन्स दिसत नव्हती, तिच्या जागी मिरीएवढा राखाडी ठिपका. पीसी बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा लेन्सवरून दोनदा अलगद फिरवला, आणि त्यांचीच पहिली सीडी चालली. कंप्रेसरची हवा मात्र मारू नका. तुमच्याकडे हाताशी असते, मोह होतो, पण त्या हवेत तेल आणि पाणी असतं आणि लेन्स तिच्या बारीक तारांवरून उडून बसते.

ड्राइव्ह गेलेलाच असेल तर दुसरा लावा, पण आधी केबल बघा. रुंद पट्टीसारखी असेल तर आयडीई. मग ड्राइव्हच्या मागची मास्टर-स्लेव्हची छोटी खिट्टी (जंपर) जुन्याप्रमाणेच लावायची. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लावून बघायला हरकत नाही, मात्र जो बायोस पेन ड्राइव्हवरून उठत नाही तो यूएसबी सीडीवरून उठेल याची मी हमी देणार नाही.

बायोसमध्ये सीडी पहिल्या क्रमांकावर आहे ना, तेही बघा. डिलीट, एफ2, एफ12, कंपनीप्रमाणे बटण वेगळं. आत गेलात की तारीख बघा. तारीख वीस वर्षांपूर्वीची दिसली तर बोर्डावरची 3 व्होल्टची सीआर2032 बॅटरी संपली आहे. तुम्ही सेव्ह केलेला क्रम वीज बंद होताच तो पीसी विसरतो. माझा एक अख्खा शनिवार असा गेला आहे, बॅटरी किरकोळ पैशांची. आणि ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी’ अशी ओळ आली तर पाच-एक सेकंदांत बटण दाबावं लागतं. ती ओळ येऊन जाते, माणूस दाराकडे बघत असतो, आणि मग मला फोन येतो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: हॅश, मग सेव्हन-झिपमध्ये बूट आहे का ते, मग सीडी-आरवर 16एक्सने ‘राइट इमेज’, पडताळणी, लेन्स, बायोस. पण यातलं शेवटचं पाऊल टाकण्याआधी थांबा, कारण तुम्ही विचारलेलं नाही ते मला सांगायचं आहे.

सीडी चालली तर काय होईल याचा विचार केलात का? पीसी पूर्ववत करणाऱ्या बऱ्याच सीडी एखाद-दोन प्रश्न विचारून थेट हार्ड डिस्क पुसतात आणि कारखान्यातून निघालेल्या दिवशीची स्थिती तिथे उतरवतात. तुमच्या स्पेक्ट्रोमीटरची कॅलिब्रेशनची (मोजमाप अचूक जुळवल्याची) माहिती, तुमच्या ग्रेडसाठी बनवलेल्या पद्धती, इतक्या वर्षांचे निकाल, कदाचित लायसन्सही, हे सगळं त्या खडखडणाऱ्या डिस्कवर आहे. कॅलिब्रेशन त्या एका यंत्राचंच असतं, शेजारच्या फौंड्रीतून मागून आणता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उद्यमनगरात मोजमापाच्या एका यंत्राच्या पीसीत मी अशीच सीडी घातली आणि एंटर दाबलं. सहा मिनिटांत पीसी नव्यासारखा झाला. मालक खूश, मी खूश. दुपारी ऑपरेटरने विचारलं, ‘आमच्या जुन्या फायली कुठायत?’ पुण्याहून माणूस बोलवून यंत्र पुन्हा लावून घ्यावं लागलं, निम्मं बिल मी भरलं. त्यानंतर जुनी डिस्क जागेवर ठेवून मी अशी सीडी कधीच घातलेली नाही.

म्हणून आधी जुनी डिस्क काढा. वारंवार चालू-बंद करून तिची उरलेली धुगधुगी घालवू नका. अडॅप्टर लावून दुसऱ्या पीसीवर तिची अख्खी इमेज घ्या; खराब सेक्टर असतील तर लिनक्सचं डीडीरेस्क्यू हे काम चिकाटीने करतं. तुमच्या हातून होत नसेल तर ज्याला जमतं त्याच्याकडे द्या, इथे पैसे वाचवू नका. ती इमेज हातात आली आणि धड निघाली, तर नव्या डिस्कवर तीच उतरवता येईल आणि कदाचित सीडीची गरजच पडणार नाही. नाही निघाली तर नवी डिस्क बसवून मग सीडी घाला. नवी डिस्क साटा, म्हणजे बारीक केबलची, असेल तर बायोसमध्ये तिला आयडीई मोडमध्ये ठेवा, नाहीतर एक्सपी निळ्या स्क्रीनवर 7बी दाखवून थांबेल. आणि एक्सपीचे सुरक्षेचे अपडेट एप्रिल 2014 मध्येच थांबले, त्यामुळे पीसी उठला की लगेच त्याला नेट जोडू नका.

आता एवढं करा. जुन्या सीडींपैकी एक दुसऱ्या पीसीत उघडून आत काय दिसतं ते लिहा. दोन्ही फाइलींचा बाइटमधला आकार लिहा, क्यूमधल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा लिहा. आणि जुन्या पीसीची केबल रुंद पट्टीची आहे की बारीक, त्याचा मोबाइलवर फोटो काढून टाका. तोवर तो पीसी बंदच राहू दे.